'जीव' हा शब्द
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं एखाद्या थोर विषयावर बोलावें असा शिरस्ता आहे. देवळाचा पाया कोणीं घातला, घंटा कोठून आणली, शाळा केव्हां निघाली, हें सांगणारे आमच्याहून जाणते लोक येथें बसले आहेत. आम्हीं आज एक लहानसा शब्द निवडला आहे. तो आपल्या घरांत दिवसांतून पन्नास वेळां उच्चारला जातो. देवळांत मात्र त्याला मागच्या बाकावर बसावें लागतें. तो शब्द म्हणजे 'जीव'. त्याचा एक दूरचा सोबती हिब्रू भाषेंत, म्हणजे जुन्या कराराच्या भाषेंत, आहे. त्याचें नांव 'नेफेश'. या दोघांची गांठ घालून द्यावी, एवढाच आमचा हेतु.

आधीं घरचा शब्द पाहूं. मुलाच्या परीक्षेचा निकाल लागेपर्यंत आईचा जीव टांगणीला लागतो आणि मुलगा पास झाला कीं तोच जीव भांड्यांत पडतो. हें भांडें कोणतें, असें आजवर कोणी विचारलेलें नाहीं. समुद्रावर गेलेली होडी वेळेवर परतली नाहीं म्हणजे कोळ्याच्या घरीं सर्वांचा जीव वर-खालीं होतो, आणि शीड दिसलें कीं जिवांत जीव येतो. आतां 'आत्म्यांत आत्मा आला' असें कोणी म्हणून पाहावें! वैशाखांत पाण्यावांचून जीव कासावीस होतो. थंडीच्या दिवसांत पहांटे उठणें जिवावर येतें. आजीचा नातवावर जीव असतो. ती त्याला जीव लावते. तो परगांवीं गेला कीं तिचा जीव कशांत लागत नाहीं. शेतकरी जीव तोडून राबतो, गवई जीव ओतून गातो, भित्रा मनुष्य जीव मुठींत धरून पळतो. बैल हा मुका जीव. गरोदर बाई दोन जिवांची. घरांत मिळवता एक आणि खाणारे सात जीव. चार पैसे हातीं आले कीं मनुष्य जिवाची मुंबई करतो. आणि ताप आला, अंग मोडून आलें, तर आपण म्हणतों, जिवाला बरें नाहीं.

हा शेवटचा प्रयोग आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण येथें जीव म्हणजे चक्क शरीर. मुंबईच्या धर्मग्रामांत आपल्या शेजारीं बसणारे गोव्याचे बंधु कोंकणींत 'जिवाक बरें ना' असेंच म्हणतात, आणि त्यांच्या बोलींत जीव शब्दाचा अंग, देह हा अर्थ आपल्याहूनही ठसठशीत आहे. मोल्सवर्थ साहेबांनीं आपल्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तींत या शब्दाखालीं वाक्प्रचारांची भलीमोठी रांग लावली आहे. ती वाचतांना असें वाटतें कीं मराठी मनुष्याला जें जें लागतें, दुखतें, आवडतें, सुटवत नाहीं, तें सर्व त्यानें या एका शब्दांत भरून ठेविलें आहे.

आतां नेफेशकडे वळूं. जुन्या करारांत हा शब्द साडेसातशेंच्या आसपास वेळां येतो. त्याचें लॅटिन भाषांतर बहुधा 'आनिमा', इंग्रजी 'सोल', आणि त्यावरून आपल्या प्रवचनांत रूढ झालेला शब्द 'आत्मा'. परंतु या शब्दाच्या मुळाशीं गेलें कीं जें सांपडतें तें आत्म्याहून फार ओलें, फार मांसल आहे. नेफेश म्हणजे मूळचा गळा, घसा. हिब्रूची बहीण जी अक्कादी भाषा, तींतही याच धातूचा शब्द गळा आणि प्राण या दोन्ही अर्थांनीं येतो. यशया प्रवक्त्याच्या पांचव्या अध्यायांत अधोलोक आपला नेफेश रुंद करून तोंड पसरतो, असें वर्णन आहे. अधोलोकाला आत्मा कोठला? तेथें घसाच घेतला पाहिजे.

एकोणसत्तरावें स्तोत्र घ्या. बुडत असलेला मनुष्य देवाचा धांवा करतो. पाणी कोठवर आलें? तर नेफेशपर्यंत आलें. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या-दुसऱ्या शतकांत मिसर देशांतील अलेक्झांड्रिया शहरीं राहणाऱ्या यहुद्यांनीं आपल्या शास्त्राचें ग्रीक भाषांतर केलें, तेव्हां त्यांनीं नेफेशबद्दल बहुतेक सर्वत्र 'प्सुखे' हा एकच ग्रीक शब्द योजिला. पुढें लॅटिनमध्यें त्याची 'आनिमा' झाली. परिणाम असा झाला कीं पश्चिमेकडील ख्रिस्ती लोक हें स्तोत्र म्हणत तेव्हां पुराचें पाणी चढत चढत थेट आत्म्याला जाऊन लागे. इंग्रजीतील कित्येक नव्या भाषांतरांनीं तें आतां मानेपर्यंत खालीं आणलें आहे. आपल्या कोंकणपट्टींतल्या मनुष्याला हें कोणी समजावून द्यावें लागत नाहीं. पाणी गळ्याशीं आलें असें तो संकटांत म्हणतो, आणि प्राण कंठाशीं आले असेंही म्हणतो. गळा व प्राण यांचें सख्य त्याच्या बोलण्यांत आधींच झालेलें आहे.

गळा हा अन्नपाण्याचा व श्वासाचा मार्ग. तेव्हां नेफेश म्हणजे तहान, भूक, हांव, ओढ. ज्याला हें सर्व लागतें तो जिवंत प्राणी. आणि शेवटीं 'मी' स्वतः. हिब्रू मनुष्यानें एवढा प्रवास एका शब्दांत केला. मराठी मनुष्यानेंही तोच प्रवास केला, आणि दोघांनीं एकमेकांस विचारलें नव्हतें. रानांत मान्ना खाऊन कंटाळलेले इस्राएल लोक मिसरांतील काकड्या, कलिंगडें व कांदे आठवून कुरकुरतात आणि आपला नेफेश सुकून गेला म्हणतात. त्यांचा आत्मा सुकला असें भाषांतर करावें, तर तो वैराग्याचा प्रकार वाटतो. वस्तुतः तो कांद्यासाठीं कासावीस झालेला जीव आहे. योनाथानाचा नेफेश दावीदाच्या नेफेशाला जडला, असें शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथांत आहे. जीव जडला, यावांचून दुसरें काय म्हणणार? म्हाताऱ्या याकोबाचा नेफेश धाकट्या बेन्यामीनाच्या नेफेशाला बांधलेला आहे, म्हणून मुलगा परत नेला नाहीं तर बाप जगणार नाहीं, असें यहूदा योसेफापुढें काकुळतीनें सांगतो. सारफथच्या विधवेचा मुलगा एलीयाच्या प्रार्थनेनें उठला, तो त्याचा नेफेश परत आंत आला म्हणून. त्या विधवेच्याही जिवांत तेव्हां जीव आला असेल, हें शास्त्रकारानें लिहिलेलें नाहीं. मराठी वाचकाला तें लिहावें लागत नाहीं.

याकोबाच्या वंशाचे जे लोक मिसर देशांत गेले ते सत्तर नेफेश होते, असें निर्गमाच्या आरंभीं सांगितलें आहे. म्हणजे खाणारे सत्तर जीव. पोर्तुगीज अमदानींतील कागदपत्रांत गांवोगांवची ख्रिस्ती वस्ती अशीच मोजीत. इतक्या 'आल्मा', असें लिहीत, आणि आल्मा म्हणजे लॅटिन आनिमाच. आमच्या वाडवडिलांची गणती आत्मे म्हणून झाली खरी, परंतु त्या आत्म्यांना सारा भरावा लागत होता आणि भातही लागत होता.

दोन्ही शब्द सर्वस्वीं सारखे आहेत असें मात्र कोणीं समजूं नये. हिब्रू भाषा नेफेशाचें ठाणें रक्तांत मानते आणि म्हणूनच लेवीय ग्रंथांत रक्त खाण्याची मनाई आहे. आपण जीव रक्तांत शोधीत नाहीं. हिब्रू लोक प्रेतालाही कधीं कधीं नेफेश म्हणत. गणना ग्रंथांत नवस केलेल्या मनुष्यानें मृताच्या नेफेशाजवळ जाऊं नये असा नियम आहे. मराठींत जीव गेला कीं मागें उरतें त्याला तो शब्द लागूं पडत नाहीं. असे आणखीही कंगोरे आहेत, पण ते पंडितांच्या कामाचे.

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायांतील एक बारकावा मात्र सर्वांनीं लक्षांत घेण्याजोगा आहे. देवानें मातीचा मनुष्य घडविला, त्याच्या नाकांत श्वास फुंकला, आणि मनुष्य जिवंत नेफेश झाला. त्याला नेफेश मिळाला, असें तेथें म्हटलेलें नाहीं. तो नेफेश झाला. आदल्याच अध्यायांत समुद्रांतील जलचरांना व जमिनीवरील पशूंनाही हेंच नांव दिलें आहे. आपणही 'त्याच्यांत जीव आहे' असें म्हणतों आणि 'तो बिचारा एक जीव' असेंही म्हणतों. मनुष्य म्हणजे अमुक एका पिंजऱ्यांत ठेविलेला पक्षी, ही कल्पना ग्रीक तत्त्वज्ञांच्या, विशेषतः प्लेटोच्या, घराण्यांतली आहे. 'प्सुखे' शब्दाला तो वास लागलेला होता, आणि भाषांतर झालें तेव्हां तो शास्त्राच्या पानांनाही थोडाबहुत लागला.

प्रभु येशूची बोलीभाषा आरामी. तींतही हिब्रूसारखाच शब्द होता आणि तो जीव व स्वतः अशा दोन्ही अर्थांनीं चाले. शुभवर्तमानें ग्रीकमध्यें लिहिलीं गेलीं, तरी 'प्सुखे' शब्दाखालून तो जुना अर्थ डोकावत राहतो. लूकच्या बाराव्या अध्यायांतील धनवान् शेतकरी आठवा. पीक उदंड आलें, जुनीं कोठारें पुरेनात, तेव्हां तो मोठीं बांधण्याचा बेत करतो आणि आपल्या प्सुखेशीं गोष्टी करूं लागतो: खा, पी, आनंद कर. आतां निराकार आत्म्याला खाण्यापिण्याचा आग्रह करणारा मनुष्य वेडाच म्हटला पाहिजे. पण तो शेतकरी वेडा नव्हता, हिशेबी होता. तो आपल्या जिवाशीं बोलत होता. त्याला जिवाची मुंबई करावयाची होती. आणि त्याच रात्रीं जें मागून घेतलें गेलें तेंही प्सुखेच. मराठींत या कथेंत पहिल्यापासून शेवटपर्यंत 'जीव' ठेवा, म्हणजे तिची धार कायम राहते: ज्या जिवाचे लाड चालले होते तोच जीव गेला.

मत्तयाच्या सोळाव्या अध्यायांत तर हा प्रश्न अगदीं ऐरणीवर येतो. जो प्सुखे वांचवूं पाहील तो ती गमावील, असें प्रभु म्हणतो, आणि लगेच पुढच्या वाक्यांत विचारतो कीं सर्व जग मिळवून प्सुखे गमावली तर लाभ काय. शब्द एकच. परंतु १५८२ च्या ऱ्हीम्सच्या कॅथलिक भाषांतरांत व १६११ च्या राजा जेम्सच्या भाषांतरांत पहिल्या वाक्यांत 'आयुष्य' या अर्थाचा शब्द आहे आणि दुसऱ्यांत 'आत्मा' या अर्थाचा. वाचणाऱ्यास वाटतें, येथें विषय बदलला. आधीं हुतात्म्यांविषयीं बोलणें चाललें होतें, आतां नरकाविषयीं सुरू झालें. १५४२ सालीं गोव्यास उतरलेले संत फ्रान्सिस झेवियर पॅरिसच्या विद्यापीठांत शिकत असतांना संत इग्नेशियस त्यांस हेंच दुसरें वचन पुनःपुन्हां ऐकवीत, अशी परंपरागत कथा आहे. झेवियरसाहेबांनीं पुढें काय केलें? आत्मा एका बाजूस सांभाळून ठेवला आणि आयुष्य दुसऱ्या बाजूस खर्चिलें, असें कांहीं दिसत नाहीं. १५५२ सालीं चीनच्या किनाऱ्यासमोर सांचियन बेटावर तापानें मरेपर्यंत त्यांनीं सगळा जीवच त्या कामांत ओतला. इंग्रजीला येथें दोन शब्द लागले. मराठीला एक पुरतो, आणि तो घरांत पडलेला आहे.

यावर आमचे कांहीं विद्वान् मित्र हरकत घेतील. ते म्हणतील, व्युत्पत्तीनें पाहतां जीव हा लॅटिन 'वीटा'चा, म्हणजे आयुष्य या शब्दाचा, भाऊबंद. 'आनिमा'चें नातें आपल्या 'प्राण' शब्दांतील 'अन्' धातूशीं. हें खरें आहे. पण शब्द कोणाच्या पोटीं जन्मला यापेक्षां तो कोणाच्या घरीं नांदला याला भाषेंत अधिक मान आहे. दुसरी हरकत अधिक वजनदार. जीव-शिवाची भाषा, चौऱ्यायशीं लक्ष योनींतून फिरणारा जीव, जैनांचा जीव-अजीव विचार, हें सर्व ओझें या शब्दाच्या पाठीवर आहे. तें घेऊन तो आपल्या देवळांत कसा येणार? आम्ही उलट विचारतों कीं आत्मा हा शब्द तरी कोठें रिकाम्या हातांनीं आला? वेदान्तांतील आत्मा अनादि, अजन्मा, कोणीं न घडविलेला. आणि ख्रिस्तसभा तर शिकविते कीं प्रत्येक आत्मा देवानें निर्माण केला. आपल्या पूर्वजांनीं तो शब्द घेतला, त्याला बाप्तिस्मा दिला व वापरला. मग जिवानेंच काय पाप केलें?

तिसरी हरकत आम्हांस मान्यच आहे. 'जीव देणें' याचा मराठींत एकच अर्थ होतो, आणि तो विहिरीच्या कांठावरचा आहे. म्हणून मेंढपाळ मेंढरांसाठीं जीव देतो असें म्हणून चालणार नाहीं. तेथें 'प्राण देणें' हेंच योग्य. आणि मृत्यूनंतरची गोष्ट बोलावयाची तर 'आत्मा' पाहिजेच. नोव्हेंबरच्या दुसऱ्या तारखेस आपण ज्यांच्यासाठीं मिस्सा अर्पण करतों, त्यांचा जीव गेला म्हणूनच तर आपण तेथें जमलेले असतों. उरला आहे तो आत्मा. आत्मा शब्द काढून टाकावा असें आमच्या स्वप्नांतही नाहीं. १३१२ सालीं व्हिएन येथील धर्मपरिषदेनें आत्मा व देह यांचें ऐक्य इतकें दृढ सांगितलें कीं आत्मा हाच मानवी देहाला देहपण देणारें तत्त्व ठरला. १९९२ च्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथांतही स्पष्ट म्हटलें आहे कीं पवित्र शास्त्रांत हा शब्द पुष्कळदां मानवी जीवन अथवा संपूर्ण मानवी व्यक्ति या अर्थीं येतो. तेव्हां आम्ही कांहीं नवें मत काढीत नाहीं.

मग एवढा खटाटोप कशासाठीं? कम्युनियनच्या अगोदरची प्रार्थना ध्यानांत आणा. कफर्णहूमच्या शतपतीनें आपल्या आजारी चाकरासाठीं केलेली ती विनंति. लॅटिन मिस्सेंत चाकराच्या जागीं 'माझी आनिमा' असा शब्द घातलेला आहे. लॅटिनची जागा लोकभाषांनीं घेतली तेव्हां, १९७० च्या दशकांतील इंग्रजी मिस्साग्रंथानें तेथें 'मी बरा होईन' असा अर्थ घेतला. २०११ सालीं नवें भाषांतर आलें आणि 'माझा आत्मा' परत आला. बरें कोणाला व्हावयाचें, मला कीं माझ्या आत्म्याला, असा वाद त्यावेळीं पुष्कळ झाला. दोन्ही पक्षांत थोर लोक होते. आम्हांस मात्र त्या वेळीं वाटे, यांना 'जिवाला बरें वाटणें' हा शब्दप्रयोग कोणी शिकवील तर किती बरें होईल! मूळ कथेंतील चाकर पक्षाघातानें अंथरुणाला खिळला होता. त्याच्या जिवाला बरें नव्हतें, या वाक्यांत त्याचें अंग आलें, दुःख आलें, आणि तो स्वतःही आला.

धर्मशिक्षणाच्या वर्गांत मुलांना आत्मा म्हणजे पांढरें कापड व पाप म्हणजे त्यावरील डाग असें शिकविण्याची जुनी पद्धत आहे. मुलें घरीं येऊन त्या कापडाची काळजी करतात. त्या कापडाला भूक लागत नाहीं, तें कोणावर माया करीत नाहीं, शेजारचा उपाशी असला तर त्याला कांहीं होत नाहीं. नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायांत नीतिमान् मनुष्याची ओळख अशी दिली आहे कीं त्याला आपल्या जनावराच्या नेफेशाची जाण असते. मुक्या जिवाची, असें आपण म्हणूं. आणि हें वर्गांतल्या लहानांतल्या लहान मुलालाही कळेल, कारण त्याच्या घरीं मांजर आहे.

निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायांत परक्यावर जुलूम न करण्याची आज्ञा आहे आणि तिचें कारणही दिलें आहे: तुम्हीं मिसर देशांत परके होऊन राहिलां, तेव्हां परक्याचा नेफेश कसा असतो हें तुम्हांस ठाऊक आहे. येथें आत्मा हा शब्द घातला तर वाक्य हवेंत राहतें. परक्याच्या जिवाला काय वाटतें, तुम्हांला ठाऊक आहे, असें म्हटलें तर तें वाक्य आपल्या वेशीवर येऊन उभें राहतें. आपल्या वाड्यांच्या आसपास आज परप्रांतांतून आलेले मजूर पत्र्याच्या खोल्यांत राहतात. त्यांतले कांहीं रविवारीं आपल्याच देवळांत शेवटच्या रांगेंत उभे असतात. आपल्यांतील पुष्कळांचे वडील-आजे पोटासाठीं मुंबईच्या चाळींत, कोणी आखातांत, कोणी आगबोटींवर राहिलेले आहेत. त्यांच्या पत्रांत जिवाविषयीं काय काय लिहिलेलें असे, तें घरोघरच्या पेट्यांत असेल.

सतराव्या शतकाच्या आरंभीं फादर थॉमस स्टीफन्स यांनीं आपलें ख्रिस्तपुराण लोकांच्या ओवींत रचिलें व तें १६१६ सालीं राचोल येथें छापलें गेलें. इंग्लंडांत जन्मलेल्या त्या पुरुषाला आमच्या घरचे शब्द देवळांत आणण्याची लाज वाटली नाहीं. आज मराठी घरांतील मुलें इंग्रजींत प्रार्थना करूं लागलीं आहेत. त्याबद्दल आम्ही कोणास दोष देत नाहीं, शाळांचें माध्यमच तसें झालें आहे. परंतु त्या मुलांना 'सोल' हा शब्द येतो आणि जीव टांगणीला लागणें म्हणजे काय तें सांगावें लागतें, ही गोष्ट आम्हांस अस्वस्थ करते.

म्हणून आमची एक विनंति आहे. सामवेदी, वाडवळी, कोळी, कोंकणी अशा ज्या ज्या बोली आपल्या घरांत आजही बोलल्या जातात, त्यांत जीव शब्दाचे आणखी कितीतरी प्रयोग असतील, जे मोल्सवर्थ साहेबांच्या कानीं पडले नाहींत. ज्या आजी-आजोबांना ते आठवत असतील त्यांच्यापाशीं नातवंडांनीं बसावें व ते कागदावर उतरून घ्यावेत. कोणत्या आळींत, कोणाच्या तोंडून ऐकला तेंही लिहावें. हे कागद येत्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपर्यंत मिस्सेनंतर आमच्याकडे आणून दिले तरी चालतील.